चकाचक मोबाईल आणि आक्कांची मधली ओळ

स्टुडिओत काम करणाऱ्या माणसाकडे गाणी कमी आणि किस्से जास्त जमतात. गाणी निदान बाहेर तरी जातात. (आमची तर आम्ही सोडायच्या आधीच जातात!) किस्से मात्र जागच्या जागी साचत राहतात. आमचा स्टुडिओ सुरतेत, लिंबायतला, लूमच्या शेडच्या वरच्या मजल्यावर. खाली साड्यांचं कापड निघतं, वर अहिराणी गाणी. सुताची धूळ खिडकीतून येऊन कॉम्प्युटरवर बसते, तसे हे किस्से माझ्यावर बसलेत. आज जरा झटकतो. तुमच्या अंगावर उडाले तर सांभाळून घ्या.

माणसं फार नाहीत. मालक रमेशभाऊ. मूळचे धुळ्याकडचे, आधी स्वतः लूम चालवायचे, मग कॅसेटचं दुकान, मग सीडीचं, आणि दोन्ही बुडाल्यावर हट्टाने हा स्टुडिओ. गाणाऱ्या सुमनआक्का. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात आणि लग्नाची, हळदीची, कानबाईची गाणी अशी म्हणतात की खान्देशातून आलेली बाई हातातलं काम सोडून दारात येते. मी ढोलकी वाजवतो आणि कॉम्प्युटरही मीच चालवतो. आणि चौथा योगेश. चौकातल्या 'चकाचक मोबाईल'चा मालक. लोकांच्या मेमरी कार्डात, पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतो. त्याने आमच्याकडून एकही गाणं कधी विकत घेतलं नाही, आणि आमचं एकही गाणं त्याच्याकडे नाही असंही कधी झालं नाही!

गेल्या वर्षी आक्कांचा आवाज राहतो की जातो अशी वेळ आली. त्यामुळे हे किस्से आता नुसते हसण्यावारी नेता येत नाहीत. पण पहिल्यापासून सांगतो.

०००

खाली लूम चालू असताना वर रेकॉर्डिंग होत नाही. भिंतीसुद्धा खटखट करतात. म्हणून आमचा नियम उलटा. लाइट गेली की लूम बंद, लूम बंद की आमचं काम सुरू! इन्व्हर्टर त्यासाठीच घेतलाय. लाइट गेली की सगळी गल्ली कपाळाला हात लावते आणि आक्का चपला घालतात. पळत जिना चढतात. बोटांना टिकल्यांचा गोंद तसाच. एकदा त्या बोटांनी हेडफोन घातला तो काढताना केसांसकट निघाला.

लाइट परत कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे प्रत्येक गाणं जीव मुठीत धरून. एकदा शेवटचा अंतरा राहिला होता आणि खाली पहिला लूम खटकला. रमेशभाऊ जिन्यावरून घसरतच खाली गेले, लूमच्या शेटना हात जोडून म्हणाले, "शेट, बस एक अंतरो बाकी छे!"

शेटनी वरही पाहिलं नाही. लूमवरच्या कापडाच्या ताग्याकडे बोट केलं. म्हणाले, "मारे तो आखो ताको बाकी छे!"

०००

गाणं फुटतं कुठून, या एका प्रश्नाने रमेशभाऊंना पोखरलं होतं. आम्ही गाणं तयार करायचं, मुहूर्त काढायचा, आणि त्याच्या आदल्याच दिवशी ते गाणं रिक्षात वाजत आमच्या अंगावरून जायचं. भाऊंचा संशय सगळ्यांवर. माझ्यावर, कोरसच्या बायकांवर, चहावाल्यावर. मग त्यांनी फर्मान काढलं: रेकॉर्डिंगच्या वेळी सगळ्यांचे मोबाईल प्रेशर कुकरमध्ये. झाकण घट्ट. कुकर त्यांच्या मांडीवर.

एका दिवशी लाइट गेली, आक्का आल्या, सूर लागला. असा लागला की मी श्वास घ्यायला घाबरत होतो. आणि कुकर वाजायला लागला! मांडीवरचा कुकर थरथरतोय, आतून रिंगटोन, भाऊ लालबुंद. "कोना शे? कोना शे हाऊ मोबाईल?" कोणी कबूल होईना. झाकण लवकर निघेना. निघालं तेव्हा वाजत होता तो भाऊंचाच.

आक्कांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, किती शिट्ट्या व्हयन्यात?"

०००

शेवटी भाऊंनी ठरवलं, पोलिसात जायचं. इस्त्रीचा शर्ट घातला, मला बरोबर घेतलं. चौकीत हवालदार भला माणूस होता, गुजराती. त्याने बसवलं, पाणी दिलं. भाऊंनी सगळं सांगितलं. कॅसेट कशी बुडाली, सीडी कशी बुडाली, आता हेही बुडालं तर लूमवर परत जायचं वय राहिलं नाही, हेही सांगून टाकलं. मी त्यांना असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. हवालदारालाही वाईट वाटलं असावं. तो पेन काढणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

आक्कांचा आवाज! आमचंच हळदीचं गाणं! एक ओळ झाली आणि मध्येच दणदणीत इको लावलेला योगेशचा आवाज: "चकाचक मोबाईल... लिंबायत!" योगेशची ही पद्धतच. भरून दिलेल्या प्रत्येक गाण्यात बरोबर मध्यावर आपल्या दुकानाचं नाव घुसवायचा, म्हणजे दुसऱ्या चोराने त्याच्याकडून चोरू नये!

हवालदाराने फोन घेतला, बोलणं संपवलं आणि भाऊंकडे कौतुकाने बघत, आणखी गाणी भरून घ्यायला फोन पुढे करत म्हणाला, "आ गीत तमारुं छे? बहु सरस छे हो! बीजां छे?"

०००

त्याच सुमारास सुरतेतच बमरोलीला एका हळदीत आक्का गायल्या. मी ढोलकीवर. समोर बायकांची दाटी. मशीनशिवाय, माइकशिवाय आक्का गातात तेव्हा त्यांचा खरा आवाज कळतो. गाणं संपलं, बायकांनी पदराने डोळे पुसले. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढे आली.

"बाई, गोड शे तुना आवाज. पन मधली वळ इसरी गयी तू!"

आक्का चपापल्या. "कोनती वं माय?"

"ती नई का... चकाचक मोबाईलवाली!"

सगळा मांडव हसला. आक्का हसल्या नाहीत. येताना रिक्षात लिंबायतचा पूल आला तेव्हा म्हणाल्या, "मरी जासू, पन त्याना दुकाननं नाव मना तोंडमा येवाव नई!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपलं गाणं आपल्याच तोंडून लोकांना अपुरं वाटावं, याचा राग मलाही आला. मी त्या दिवशी योगेशच्या दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही.

०००

मग आम्ही नव्याने सुरुवात करायची ठरवली. कॅसेट गेली, सीडी गेली, आता सगळं इंटरनेटवर, तर आपणही तिथे आपलं चॅनल काढू. चोराच्या आधी आपणच गाणं सोडू. भाऊंनी पूजा केली, नारळ फोडला, मी बटण दाबलं. पेढे वाटून होतात न होतात तोच मेल आला. हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, तुम्ही चोरलेलं दिसतंय, काढून टाका, नाहीतर चॅनल बंद!

कुणीतरी आमची जुनी गाणी आधीच आपल्या नावावर चढवून ठेवली होती. मी भाऊंना समजावलं की हे माणूस लिहीत नाही, मशीन लिहितं. भाऊ कॉम्प्युटरच्या अंगावर धावून गेले. "मशीनले सांग, बाप मी शे!"

मशीनने पुरावा मागितला. काय पुरावा देणार? गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा लाइट गेली होती, याचा? आक्का खुर्ची पुढे ओढून कॉम्प्युटरच्या समोर बसल्या, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "त्याले सांग, आयक. मी गाई दखाडस."

०००

गेल्या वर्षी आषाढात आक्कांच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉईडची. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करायला हवं. आवाजाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, बहुतेक राहील, पण पहिल्यासारखाच राहील असा शब्द मी देत नाही. आक्का घरी आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "श्रावणमा कानबाई शे."

श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, चौरंगावर मखर. घरोघरी नैवेद्याचे रोट होतात. सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत पोचवायला निघतात. त्या पोचवायच्या वेळचं एक गाणं आक्कांनी स्वतः बांधलं होतं. त्यातली मधली ओळ, जिथे वाद्यं थांबतात आणि फक्त आवाज राहतो, ती अशी: "जाशी ते जाय वं माय, मागे फिरी दख." ऑपरेशनच्या आधी हे एवढं रेकॉर्ड करायचं, हा त्यांचा हट्ट.

आणि लाइट जाईना! वर्षभर लवकर परत येते म्हणून जिला शिव्या घातल्या, ती लाइट जायला तयार नाही. खाली सणासुदीची ऑर्डर, लूम सुट्टीच्या दिवशीही चालू. आक्का रोज गोंदाच्या हातांनी जिन्यात येऊन बसायच्या, तासन्‌तास बसून परत जायच्या. रोज आवाज थोडा जड. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलं तेव्हा भाऊ खाली गेले. मीही मागे. भाऊंनी शेटना फक्त गळ्यावर हात ठेवून दाखवलं आणि वर बोट केलं.

शेट उठले. मेन स्विचकडे गेले. "बंध करो! बेन गाशे!"

एकेक लूम थांबला. मी लिंबायतला लहानाचा मोठा झालो, पण भर दुपारी तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कारागीर जिन्यावर येऊन बसले, शेट दाराशी उभे राहिले. त्या दिवशी कुकरची आठवण कुणालाच झाली नाही; आक्कांचा मोबाईल त्यांच्या मांडीवरच राहिला. आक्का एकदाच गायल्या. मधली ओळ आली तेव्हा माझा हात ढोलकीवरून आपोआप उचलला गेला. गाणं संपलं. मग शेटनी डोळे पुसले आणि खाली तोंड करून ओरडले, "अल्या, चालू करो हवे!"

०००

त्यानंतर भाऊंनी जे केलं ते फक्त आमचे भाऊच करू जाणे. हे गाणं फुटू द्यायचं नाही! त्यांनी ते एका हार्ड डिस्कवर घेतलं आणि मला म्हणाले, "आते कॉम्प्युटरवरतून पुसी टाक." मी म्हणालो, भाऊ, एक कॉपी राहू द्या. "कॉपी करी करीच मरनूत आपन!" मी पुसलं. त्यांनी त्याच जागेवर लग्नाचे व्हिडिओ भरायला लावले, म्हणजे पुसलेलंही कोणी उकरून काढू नये. डिस्क पिशवीत गुंडाळून घरी नेली आणि पिठाच्या पत्र्याच्या डब्यात, पिठात खोल पुरली. भाऊंचं घर तळमजल्याला, खाडीच्या अंगाला.

आक्कांचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात खाडी भरली. पाणी गल्लीत, मग उंबऱ्यावर, मग घरात. मी पोचलो तेव्हा भाऊ कमरेएवढ्या पाण्यात, टीव्ही गेला, गाद्या गेल्या, त्यांचं कशाकडेच लक्ष नाही. "डबा! डबा कोठे शे?" डबा दारातून बाहेर तरंगत चालला होता. भाऊंनी झडप घातली. छातीशी धरला. वर जिन्यात आणून झाकण उघडलं. मी डोळे मिटले होते.

आत पीठ कोरडं! ठणठणीत कोरडं! भाऊंनी कोपरापर्यंत हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. वहिनी वरच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय धुंडी ऱ्हायनात? ते लोखंड? पीठमा लोखंड कोन ठेवस? मी काढी कपाटना खालना खानामा ठी दिन्हं."

रात्री शेजाऱ्यांकडे त्याच पिठाच्या पोळ्या केल्या.

०००

पाणी प्यायलेली डिस्क घेऊन आम्ही फिरलो. दुरुस्तीवाल्यांनी माना हलवल्या. आक्कांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती. डॉक्टरांनी त्यांना बोलायला बंदी केली होती. त्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. भाऊंना बघितलं की पेला वाजवून, भुवया उडवून विचारायच्या, गाणं कुठंय? भाऊ म्हणायचे, "शे, शे, जपीसन ठियेल शे." आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकायचे.

आक्कांना घरी आणायचा दिवस आला. रिक्षात आक्का, भाऊ आणि मी. रिक्षावाल्याने गाणं लावलं. ढोलकी ऐकली आणि मी पुढे वाकलो. ती माझी ढोलकी होती! मग आक्कांचा आवाज. कानबाईचं गाणं. बुडालेलं गाणं! आणि बरोबर मध्यावर, "जाशी ते जाय वं माय"च्या जागी: "चकाचक मोबाईल... लिंबायत!"

हा आवाज ऐकला की शिव्या देणारे आमचे भाऊ. त्यांनी चालत्या रिक्षात मागून रिक्षावाल्याला मिठी मारली आणि हमसून रडायला लागले. रिक्षावाला घाबरून म्हणाला, "काका, बंद कर दूं क्या?"

०००

तिथून तडक योगेशच्या दुकानात. भाऊंना बघून तो मागच्या दाराने निघालाच होता. भाऊंनी हात जोडले. त्या चौकात हे दृश्य बघायला मिळेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. "योगेश, मूळ गानं दे. तुनं नाव नई ते."

योगेश ओशाळला. "मूळ कोन ठेवस भाऊ? मी मधली वळ कापीसन मनं नाव चिकाडं. कार्डवर दुसरं भरी दिन्हं."

म्हणजे ती ओळ जगात कुठेच उरली नव्हती. भाऊ बाकावर बसले. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "पन तुनाजोडे हाई गानं उनं कसं? एकच डिस्क व्हती, ती पीठमा व्हती!"

योगेशने रिक्षात बसलेल्या आक्कांकडे पाहिलं. "मावशीले इचारा. ऑपरेशनना आदले दिन तीच मोबाईलनं कार्ड लई उनी व्हती, म्हने, गानं ऱ्हायनं पाहिजे."

भाऊ रिक्षापाशी गेले. आक्कांनी पेला वाजवला नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही. दुसरीकडे तोंड करून बसल्या.

०००

योगेशचं नाव मी त्या गाण्यातून काढलं. पण तिथे भोक पडलं. दुसऱ्या बाईकडून ती ओळ गाऊन घेतली, ते ऐकून भाऊच म्हणाले, "काढी टाक." शेवटी ठरलं, तेवढी जागा रिकामी सोडायची, आणि मिरवणुकीत मी टेम्पोवर बसून तिथे ढोलकी वाजवायची. दुसरा इलाज नव्हता.

खरी काळजी वेगळीच होती. डॉक्टरांनी आक्कांना बोलायला परवानगी दिली होती. पण आक्का तोंड उघडत नव्हत्या. घरचे विनवायचे, भाऊ म्हणायचे, "आक्का, नुस्तं हूं म्हन." पेला दोनदा वाजायचा. आवाज आहे की नाही हे त्यांनाच माहीत नव्हतं, आणि ते कळून घ्यायची त्यांना भीती वाटत होती. एवढी खमकी बाई घाबरलेली बघणं मला सहन होत नव्हतं.

कानबाईचा सोमवार उजाडला. सकाळी सगळी गल्ली रस्त्यावर. बायांच्या डोक्यावर कानबाया, पुढे आमचा टेम्पो, त्यावर स्पीकर, मी आणि खुर्चीत आक्का, गळ्याला मऊ रुमाल गुंडाळलेला, मांडीवर पेला. माइक मध्ये ठेवला होता, देवीचा जयजयकार करायला. टेम्पोच्या मागे बायांच्या गर्दीच्या कडेला योगेश उभा होता. जवळ यायची त्याची छाती होत नव्हती. भाऊंनी कपाळाला भंडारा लावला आणि मला मान हलवून खूण केली.

गाणं सुरू झालं. आक्कांचा जुना आवाज सगळ्या रस्त्याभर पसरला. बाया गायला लागल्या, फुगड्या धरल्या. मी घामाघूम. ती जागा जवळ येत होती. आक्का समोर बघत होत्या, चमचा हातात घट्ट. वाद्यं थांबली. रिकामी जागा आली. सगळ्या बाया थांबल्या आणि टेम्पोकडे वळल्या. मी ढोलकीवर हात उचलला.

आक्कांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने माइक ओढला. तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग खरखरीत, जाड, आम्ही कधीच न ऐकलेल्या आवाजात, साऱ्या लिंबायतला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या:

"चकाचक मोबाईल... लिंबायत!"